वच्छलाकाकूंचा डबा

सुनंदाच्या ब्लॉगवर कोणी काही लिहिलं आणि उत्तराविना परत गेलं, असं कधी झालं नाही. दारी आलेल्याला पाणी विचारावं, तशी ती प्रत्येक वाचकाला उत्तर द्यायची. ब्लॉगचं नाव ‘जामकाठी’. पांढुर्ण्याच्या गल्लीतलं रोजचं जगणं त्यावर यायचं: आलूबोंडे, संत्र्याचा बहार, जाम नदीपलीकडच्या सावरगावात दिलेल्या पोरी. वाचणारे पार दुबईपर्यंतचे. दुपारी जेवणं आटोपली की सुनंदाबाई फोन घेऊन ओसरीवर बसायच्या, आणि नवरा श्रीकांत निमूटपणे आपला चहा आपणच करून घ्यायचा.

भाद्रपदातली पुनव झाली, घरोघर महिनाभरासाठी भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती बसल्या. पुण्याच्या हर्षल नावाच्या वाचकानं लिहिलं, ‘मध्य प्रदेशात अजून भुलाबाई? मुली हिंदी शाळेत जात असतील. गाणी तरी येतात का? खाऊ म्हणून चिप्सची पाकिटंच वाटत असाल.’

सुनंदाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हिंदी शाळेत जातात, हो. पण संध्याकाळी भुलाबाईपुढे फेर धरून मराठी गाणी म्हणतात, एकही कडवं न चुकता! तिनं तडातडा उत्तर लिहिलं, आणि ठसक्यात पुढे जोडलं, ‘पाकिटं तुमच्याकडे. आज आमच्या वच्छलाकाकूंनी जवसाचे लाडू केलेत.’

सकाळी काकूंकडे डोकावताना तिला ते दिसले होते. इथंच घोळ झाला. भुलाबाईचा खाऊ झाकलेल्या डब्यात असतो. गाणी संपली की डबा हलवायचा, पोरींनी आवाजावरून खाऊ ओळखायचा. नाही ओळखला तर ‘हरलो’ म्हणायचं, मग झाकण उघडतं. वच्छलाकाकूंचा डबा आजवर एकाही पोरीनं ओळखला नव्हता. अख्ख्या गल्लीत त्याचा दरारा होता.

त्या संध्याकाळी काकूंनी डबा हातात घेतला मात्र, शेजारची तेजस्विनी ओरडली, “जवसाचे लाडू!” तिनं ब्लॉग वाचला होता.

काकू सरळ सुनंदाच्या दारात. “काऊन व सुनंदा, माह्या डब्यातलं साऱ्या दुनियेले सांगत फिरून राहिली तू? आता कोजागिरीची भुलाबाई माह्या अंगणात नाही. कुठं बसवाची तिथं बसवा!”

कोजागिरी म्हणजे भुलाबाईचा शेवटचा दिवस, आणि तो काकूंच्या अंगणाशिवाय झाल्याचं गल्लीत कोणाला आठवत नव्हतं. पुण्याच्या माणसाला हिणवताना सुनंदानं स्वतःच्याच गल्लीची भुलाबाई घालवली होती. तिनं ते उत्तर पुसलं, माफी मागितली. काकू काही बधल्या नाहीत.

शेवटी कोजागिरीच्या सकाळी ती काकूंच्या चुलीपाशी जाऊन बसली.

“काकू, पोरींपुढं माह्यामुळं हरल्या तुम्ही. आज दुनियेपुढं डबा हलवा. मी फक्त आवाज टाकतो ब्लॉगवर. आत काय हाय, मलेही सांगू नका.”

“अन् वळखलं कोणी तं?”

“तं ब्लॉग बंद.”

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिला बाहेर हाकललं आणि दार लावलं.

दुपारी डब्याचा आवाज ब्लॉगवर गेला, आणि उत्तरांची रीघ लागली. चिवडा. शंकरपाळे. फुटाणे. सुनंदा एकेक वाचायची आणि काकू तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, “नाही.” प्रत्येक ‘नाही’ला सुनंदाचा जीव भांड्यात पडायचा आणि पुढच्या उत्तराला पुन्हा टांगणीला लागायचा. एका उत्तराला काकूंचे हात थांबले.

“कोण हाय व हे?”

“सौसरची हाय कोणी.”

“तरीच. माहेर माहं तिकडलंच. असंच काही चाखलं असन तिनं.” काकूंनी उगीच वेळ लावला. “पण नाही.”

संध्याकाळ होत आली तसे वाचक शरण येऊ लागले. नागपूर हरलं, दुबई हरली. सगळ्यांत शेवटी हर्षल आला. ‘पुणे हरलं. आता तरी सांगा, काय होतं?’

सुनंदाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं झाकणाला हात घातला, तसा काकूंनी डबा मागे ओढला.

“तू म्हण आधी.”

सुनंदा हसली. “हरली, काकू.”

झाकण उघडलं. सुनंदानं एक उचलून तोंडात टाकलं आणि तिचे डोळे भरून आले. इतकं चांगलं काही या गल्लीत होतं आणि ते आपल्या गल्लीतलं होतं, याचा तिला फार अभिमान वाटला. तिनं सवयीनं फोन उचलला.

“काय लिहू हर्षलले?”

काकू अंगणात सडा टाकायला उठल्या होत्या. पोरी फाटकाशी जमू लागल्या होत्या.

“लिही,” त्या म्हणाल्या, “पुढच्या साली कोजागिरीले पांढुर्ण्याले ये म्हणा. भुलाबाई इथंच बसते, माह्या अंगणात.”