एका ‘पण’साठी वकिली

लॉ कॉलेजच्या पहिल्या तासाला नाना वर्गात शिरले तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, पिकलेल्या मिशा, हातात छत्री. नानांनी हातानंच ‘बसा’ अशी खूण केली आणि ते तिसऱ्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. पाच मिनिटांनी खरे प्रोफेसर आले. ते नानांहून दहा-बारा वर्षांनी लहान होते. त्यांनी नानांना तपासनीस समजून खुर्ची देऊ केली. नाना म्हणाले, “नको. मी फी भरलेली आहे.”

नाना धुळ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत. बी.एस्सी. होते, वनस्पतिशास्त्राचे. मी जळगावचा, इतिहास घेऊन बी.ए. झालेला, वय बावीस. दोघेही खानदेशातले म्हणून पुण्यात आम्हाला एकच खोली मिळाली. नानांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. ‘अरे इतिहास, दिवा पूस’, ‘अरे इतिहास, ऊठ, तास आहे’ असं चाले.

कायद्याशी त्यांचं जमेना. वीस वर्षं त्यांना कलम म्हणजे आंब्याचं एवढंच ठाऊक. पाठ करण्याची त्यांची रीत अशी की प्रत्येक कलमाची आकृती काढायची, बाण सोडायचे आणि टोकाला नावं द्यायची. त्यांच्या वहीतला करार कायदा जास्वंदीच्या उभ्या छेदासारखा दिसे. रोमन लॉ मात्र आकृतीत बसेना. एकदा पुस्तक मिटून त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, “हे रोमन लोक हल्ली कुठे असतात?” मी म्हटलं, नाही उरले. “मग त्यांचे वारस कोण, याची आपण काळजी का करतोय?” असं म्हणून त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. पहिल्या परीक्षेत त्या विषयात ते काठावर पास झाले.

घरी धुळ्याला त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, एकट्या होत्या. त्यांचं कार्ड महिन्याला एक येई. मजकूर ठरलेला. ‘इकडे सर्व क्षेम. कुंड्यांना पाणी घालते. वकील झालात की कळवावे.’

चव्वेचाळिसाव्या वर्षी हे सगळं कशासाठी, असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं. नाना म्हणाले, “एक शब्द बोलायचा राहिलाय.”

झालं होतं ते असं. साक्रीकडच्या डोंगराळ भागातला धर्मा नावाचा शेतकरी. त्याच्या बांधावर बापानं लावलेली बाभूळ होती. शेजारच्या मोठ्या वावराच्या मालकानं दावा लावला की बांध धर्मानं हल्लीच सरकवलाय. बाभूळ कापून खोडातली वलयं मोजली, ती भरली थोडी. म्हणजे झाड तरुण, बांध नवा, धर्मा खोटा. धर्माच्या वकिलानं जाणकार म्हणून नानांना साक्षीला बोलावलं. उलटतपासात समोरच्या वकिलानं एकच प्रश्न टाकला. “मास्तर, वलयांवरून झाडाचं वय काढतात. हो की नाही?”

“हो, पण—”

“पण नको. हो की नाही?”

सबजज्ज म्हणाले, विचारलंय तेवढंच सांगा. नानांनी ‘हो’ म्हटलं आणि त्यांना पिंजऱ्यातून उतरवलं. धर्माचं अर्धं वावर गेलं. अपिलातही गेलं.

“बाभळीला वर्षाला एक वलय धरतंच असं नाही,” नाना मला सांगत होते. “दुष्काळात धरत नाही, धरलं तरी स्पष्ट दिसत नाही. चौथीतल्या पोराला समजेल. पण साक्षीदाराला ‘पण’ म्हणता येत नाही. वकिलाला येतं. म्हणून आलो.”

दुसऱ्या वर्षी पुराव्याचा कायदा सुरू झाला. प्रोफेसरांनी सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला आपण आधी विचारायचं ते, सांगितला, उलटतपास सांगितला आणि मग म्हणाले, उलटतपासात साक्षीदाराचं म्हणणं अर्धवट राहिलं तर त्याला बोलावणाऱ्या वकिलानं उठावं आणि खुलासा विचारावा. याला फेरतपास म्हणतात. नाना उभे राहिले. त्यांनी विचारलं, “हे आधीपासून आहे?”

“सुरुवातीपासून आहे.”

नाना खाली बसले. त्या दिवशी त्यांनी आकृती काढली नाही. जेवताना मला म्हणाले, “मी समजत होतो कायद्यात जागा नाही. जागा होती रे. आमच्या वकिलानं उठायला हवं होतं, एवढंच.” मी विचारलं, वकील कोण? “होते एक. धुळ्यातले. मोठे आहेत.” आणि त्यांनी आमटी मागितली.

दिवाळीला मी धुळ्याला काकांकडे गेलो. माझे काका नावाजलेले वकील. परीक्षा झाली की मी त्यांच्याच हाताखाली बसायचं, हे मी मॅट्रिक होण्याआधीपासून ठरलेलं. जेवणाच्या पंगतीत काकांनी एक किस्सा सांगितला. एक शाळामास्तर पिंजऱ्यात ‘हो पण, हो पण’ करत कसा अडकला ते. त्याची नक्कल त्यांनी फार छान केली. सगळे हसले. मीही हसलो. मग मी विचारलं, “काका, तुम्ही फेरतपास घेतला नाहीत?” काका म्हणाले, “शेजारच्या कोर्टात माझा दुसरा पुकारा झाला होता. आणि बाभळीवर किती बोलायचं?”

हे मी नानांना सांगितलं नाही. त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्या दिव्याच्या उजेडात वाचून, सात महिने नाही सांगितलं.

दोघेही पास झालो. मनमाडवरून गाडी चाळीसगावला आली. तिथून नानांना धुळ्याची गाडी धरायची होती, मला पुढे जळगाव. बाकावर बसून आम्ही चहा घेत होतो. मी कप खाली ठेवला. म्हटलं, “नाना, धर्माचे वकील माझे काका होते.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. तुझ्या ट्रंकेवर आडनाव रंगवलेलं आहे. चांगलं वीतभर.”

“मग बोलला नाहीत ते?”

“तुला संकोच वाटला असता. आणि तुझ्या रोमन लॉच्या नोट्स चांगल्या होत्या.” एवढं बोलून त्यांनी बशी पुसली आणि छत्री उचलली. गाडी लागली होती.

नानांनी सनद घेतली, काळा कोट शिवला. धर्माला भेटायला साक्रीला गेले आणि त्याला स्वच्छ सांगितलं की तुझं वावर आता कुठल्याही कोर्टातून परत येणार नाही, हे मी दोन वर्षं शिकून आलोय. धर्मा म्हणाला, “मन्हं गयं ते गयं, मास्तर. आते त्यानी सुकदेवले नोटीस धाडी शे.” सुकदेव म्हणजे धर्माचा पलीकडचा शेजारी. मालक तोच, बाभूळ दुसरी, करवत तीच.

वर्षभर मी काकांच्या हाताखाली बसलो होतो. एक दिवस नाना सुकदेवला घेऊन आमच्या ऑफिसात आले. काकांना नमस्कार केला आणि वकीलपत्र माझ्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, “नाना, तुम्ही स्वतः वकील आहात.”

“वकील बरेच आहेत. बाभळीचा साक्षीदार अख्ख्या पश्चिम खानदेशात मी एकटा. दोन्ही होता येत नाही. मी साक्षीदार होईन. तू ऊठ.”

काका कागद चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

नाना पिंजऱ्यात उभे राहिले, नवा काळा कोट घरी ठेवून, जुन्या बंद गळ्याच्या कोटात. समोरचे वकील तेच होते आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. नानांनी ‘हो’ म्हटलं आणि ते गप्प राहिले. मी उठलो. मी विचारलं, “हे बाभळीला लागू आहे का? खुलासा करा.”

नाना पाऊण तास बोलले. त्यांनी फळा मागितला, तो नव्हता. मग बेलिफाच्या दप्तराच्या पाठीवर खिशातल्या खडूनं खोडाचा छेद काढला. सबजज्ज म्हणाले, “मास्तर, हे कोर्ट आहे, वर्ग नाही.” नाना म्हणाले, “दिसतंय. वर्गात मुलं मध्ये बोलत नाहीत.”

निकाल सुकदेवच्या बाजूनं लागला. कोर्टाबाहेर लोक त्याला हार घालत होते. धर्माही आला होता. त्यानं सुकदेवच्या पाठीवर थाप मारली आणि मग तो नानांपाशी येऊन उभा राहिला.

“मास्तर, हाई बठ्ठं तुमले तवयबी माहीत व्हतं ना?”

“होतं. तेव्हाही सगळं माहीत होतं,” नाना म्हणाले.

धर्मानं मान हलवली.

तो नवा काळा कोट नानांनी कोर्टात एकदाही घातला नाही. ते शाळेत पुन्हा रुजू झाले. मात्र साक्रीच्या आठवडे बाजाराला सुट्टीच्या दिवशी जाऊन बसू लागले. ज्याला समन्स आलंय, नोटीस आलीय, त्याला ती वाचून दाखवायची, शेवटची तारीख कधी ते सांगायचं आणि साक्षीत काय विचारतील ते समजावायचं. माणसं गोळा करून आणायचं काम धर्मा करी. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. हे अकरा वर्षं चाललं.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी नाना गेले. तीन दिवसांच्या तापानं, फारसं कुणाला न कळवता. त्यानंतरच्या बाजाराला मी साक्रीला गेलो, लोकांना सांगायला हवं म्हणून. धर्मानं नेहमीची जागा झाडून ठेवली होती, घोंगडी अंथरली होती. चार माणसं हातात कागद घेऊन बसली होती. मी विचारलं, “धर्माभाऊ, तुला कळलं नाही का?”

“कळनं,” तो म्हणाला. “मास्तर गयात, पन तुम्ही उनात ना? मंग बसा.”

पहिल्या माणसानं कागद पुढे केला. मी बसलो.