निंबामागचं घर

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलंय, आणि आमच्या घरात तर असल्या गोष्टींना तीन पिढ्या थारा नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

कोरोनाची दुसरी लाट, मे महिना, मूर्तिजापूर. आमच्या बुद्धविहारातून आम्ही घरोघर शिधा पोचवत होतो. मागणीसाठी माझाच मोबाइल नंबर सगळीकडे गेलेला. एकदा सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. म्हातारी बाई, पण आवाज खणखणीत.

"स्टेशनामागं, निंबाच्या मांगचं घर. बुढा एकटा हाय. दोन दिवस झाले, चूल नाई पेटली. मरन, पन मांगनार नाई थो."

मग मलाच दटावलं. तुरीची डाळ आणू नको, त्याले पचत नाही, मुगाची आण. आणि साखर मागेल, बिलकुल देऊ नको! मी सगळं चिठ्ठीवर लिहून घेतलं, नंबरासकट. नाव विचारायच्या आत फोन बंद.

शिधा वाटायला सोबत असणाऱ्या मनोहरभाऊंच्या ऑटोतून भर उन्हात आम्ही ती वस्ती पालथी घातली. निंब कुठेच नाही. नंबर परत लावला, तर म्हणे हा क्रमांक अस्तित्वातच नाही. भाऊ वैतागले, "मॅडम, कोनी तरी फिरकी घेऊन राहिलं तुमची. चला वापस." खरं सांगते, मीही चिडून वळलेच होते. तेवढ्यात पायाला ठेच लागली – जमिनीलगत कापलेला जाडजूड बुंधा. त्याच्यामागे पत्र्याचं घर, दार नुसतं लोटलेलं.

आत एक म्हातारे बाबाजी खाटेवर पडलेले, ओठ पार सुकलेले. अंतरबिंतर सगळं विसरून भाऊंनी त्यांना बसवलं, पाणी पाजलं. मी त्यांच्याच चुलीवर मुगाची पातळ खिचडी टाकली. चार घास पोटात गेल्यावर जरा तरतरी आली, तसे म्हणाले, चहा कर, साखर जास्त टाक. माझ्या तोंडून निघून गेलं, काकूंनी साखर द्यायची नाही म्हणून सांगितलंय.

"कोन्त्या काकू?"

मी चिठ्ठी दिली. नंबर वाचून त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांच्या बायकोचा हार घातलेला फोटो होता. नंबर तिचाच. तिला जाऊन तीन वर्षं झालेली, आणि निंब त्याच्याही आधी रस्ता रुंद करताना गेलेला.

नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला म्हणावं, तर तो लागतच नव्हता. शेजारणीनं केला म्हणावं, तर आजूबाजूला सगळ्या घरांना कुलपं. एकेक कारण खोडून पाहिलं, अजून पाहते. हाती काही लागत नाही.

बाबाजींनी बिनसाखरेचा चहा निमूट घेतला. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "आखीन काय म्हने?"

मी म्हटलं, "जेवले का, विचारत होत्या."

तेवढं एक वाक्य माझ्या मनाचं. बाकी सगळं चिठ्ठीवर आहे, माझ्याच अक्षरात.