पडण्याचा सराव

एका मुक्या जनावरावर आणि एका सरळ माणसावर मी खोटा आळ घेतला आणि आठ महिने तो तसाच राहू दिला. आजाराआधी हे सांगणे भाग आहे. माझे नुकसान आजारापेक्षा लपवाछपवीने अधिक केले.

पुण्याच्या डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, पाहून सांगितले, "एपिलेप्सी आहे. गोळ्या चुकवू नका, आणि लपवू नका." एपिलेप्सी म्हणजे फेफरे. लहरींचा काही क्षण गोंधळ उडतो आणि शरीर ताब्यात राहत नाही. मी महाडच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. घरात लग्नाची मुलगी होती. वरंध घाटातून एसटीने परतताना मी पत्नीला बजावले, "सुमन, हे कुणाला कळता कामा नये."

गोळ्या घेऊनही अधूनमधून झटका येई. सुमन स्वयंपाकघरात, मी मागच्या पडवीत पडलेला; तिला पत्ताच नसे. म्हणून डॉक्टरांना विचारून घरच्या कुत्रीला मदतीसाठी शिकवायचे ठरले. जवळच्या कापडे गावचे मोरे हवालदार पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मास्तर, झटका येणार हे ती आधी सांगंल, असं मी बोलणार नाय. तुमी पडलात की बाईंना घेऊन येईल, एवढं माझं काम."

राणी साधी गावठी कुत्री. मी अंगणात पडायचे, हातपाय झाडायचे. तिने सुमनचा पदर ओढत आणायचे. मग सुक्या बोंबलाचा तुकडा. मी फाटक लावून, कपडे सांभाळत, हळूच टेकत असे.

"मास्तर, तुमीच पडायला लाजलात तर ती धावंल कशी? जरा धपकन पडा की!" मोरे म्हणत. सुमन तोंडाला पदर लावून हसे. मला राग येई.

तरीही राणी शिकली. खऱ्या झटक्यात तिने दोनदा सुमनला ओढून आणले.

मग मुलीला पाहायला पाहुणे आले. राणी माझ्या पायांतून हलेना. ही आपले बिंग फोडणार, या भीतीने मी तिला मागे पेरूला बांधले. पोहे खाताना हात विचित्र वाटू लागला, म्हणून मी मागे गेलो आणि न्हाणीच्या दगडावर कोसळलो. राणी साखळी ताणून भुंकत राहिली. पाहुण्यांना पाहून भुंकते आहे, असे सर्वांना वाटले.

शुद्ध आली तेव्हा कपाळ फुटलेले होते आणि मुलाच्या मामाने माझ्या नाकाशी चप्पल दाबली होती. त्या चपलेची आजही चीड येते. वाचकहो, फेफरे आलेल्या माणसाला चप्पल, कांदा काही हुंगवू नका. कुशीवर वळवा आणि डोके सांभाळा. लग्न मोडले, त्याचीही चीड आली. जणू मुलीनेच गुन्हा केला होता!

पुढच्या रविवारी मोरे आले. सोबत वरंधचे एक गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीला, शांताबाईंना, हाच आजार; राणीचे काम पाहून त्यांना कुत्री शिकवून घ्यायची होती. माझे कपाळ पाहून मोऱ्यांनी विचारले, "राणी कुठं होती?"

"मोकळीच होती. जागची हलली नाही," मी म्हणालो. "तुमचे शिकवणे म्हणजे थोतांड आहे, हवालदार."

मोरे खाली वाकले. त्यांनी राणीच्या गळ्याकडे पाहिले. पट्ट्याखाली साखळीने कातडे सोलले होते. गृहस्थ तसेच परत गेले. ते जाताच सुमन म्हणाली, "राणीला बोलता येत नाही, ते बरंच आहे तुमचं."

आठ महिन्यांनी कळले, की शांताबाई झटक्यात चुलीवर पडल्या आणि कोणाला ओढून आणणारी कुत्री घरात नव्हती. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. चपलेवर, पाहुण्यांवर धरलेला सगळा राग त्या दिवशी उलटून माझ्याच अंगावर आला. तो अजून उतरलेला नाही, उतरू नये.

मी कापड्याला जाऊन मोऱ्यांना "एकदा वरंधला चला" एवढेच म्हणालो. ते निघाले. सुमन आणि राणी बरोबर होत्या. शांताबाई हाताला फडके गुंडाळून ओट्यावर बसल्या होत्या. शेजारीही जमले. फाटक लावायला मी कोणाला सांगितले नाही. त्या अंगणात मी धपकन पडलो, धुळीत हातपाय झाडले.

राणी ओट्यामागे उभ्या सुमनकडे धावली आणि पदर धरून तिला माझ्याजवळ घेऊन आली.

उठण्याआधीच, तसाच धुळीत पडून मी मोठ्याने म्हणालो, "हवालदार, राणी चुकली नव्हती. मीच तिला बांधले होते, आणि तुमच्याशी खोटे बोललो. शांताबाई, तुमचा हात माझ्यामुळे भाजला. माझे चुकले. मला क्षमा करा."