आबांच्या लघवीचा रंग

मी जर्मनीला निघाले त्या दुपारी टॅक्सी चाळीच्या तोंडाशी उभी होती आणि आबा दोनदा जिना चढून परत वर गेले. पहिल्यांदा मला वाटलं, काही विसरलं असेल. दुसऱ्यांदा आई म्हणाली, "जाऊंदेत गो. तेंका बरां वाटणां नाय." लालबागच्या चाळीत आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, संडास गॅलरीच्या टोकाला. आबा खाली आले तेव्हा कपाळावर घाम होता. विमानतळावर येत नाही म्हणाले, पाय दुखतात म्हणे. शेजारपाजारचे सगळे जमले होते, रंगखात्यातल्या कामगाराची पोरगी पीएच.डी.ला परदेशात चालली म्हणून कौतुक चाललं होतं. मी काचेतून हात हलवला आणि गेले.

आबांचे पाय दुखत नव्हते. त्यांच्या लघवीतून रक्त जात होतं आणि तासभर टॅक्सीत बसणं त्यांना जमणार नव्हतं. हे मला दीड वर्षाने कळलं.

हे तुमच्यासाठी लिहितेय. चाळीत राहिलात ते, वसई-नालासोपाऱ्याला गेलात ते, आणि माझ्यासारखे फार लांब गेलात तेही. रागाने लिहितेय, आधीच सांगते. इकडे कुणी मुलाखत घेतली की मी शहाण्यासारखी बोलते, गिरणगावाने मला जिद्द दिली वगैरे. तुमच्याशी तसं बोलायचं नाही.

आबा, म्हणजे सखाराम, परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. साच्यांवर कापड विणणारे कामगार कापसाच्या तुसाने पांढरे होऊन घरी यायचे, आमचे आबा रंगीत. नखं निळी, तळहाताच्या रेषा लाल. भुकटी हाताने पिंपात टाकायची, उघड्या हातांनी ढवळायची. हातमोजे एका साहेबांच्या फेरीत वाटले होते आणि फेरी संपल्यावर परत घेतले होते. लघवीसुद्धा रंगीत व्हायची. त्याची चेष्टा चालायची. आबा आणि चाळीतलेच त्यांचे जोडीदार गोपाळकाका संध्याकाळी गॅलरीत बसले की एकमेकांना विचारायचे, "आज खंयचो रंग?" आणि हसायचे. आम्ही मुलंही हसायचो. मला आता त्या हसण्याचाही राग येतो.

संप झाला तेव्हा मी शाळेत होते. त्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. आज मिटेल, उद्या मिटेल करत करत गिरणीचा भोंगा कायमचा गेला, आणि आबा भायखळ्याच्या एका गल्लीत कपडे रंगवणाऱ्या शेडमध्ये लागले. तिथे तर खिडकीसुद्धा नव्हती. म्हणजे गिरणी सुटली तरी रंग सुटला नाही. म्हणून मग पुढे लघवी लाल व्हायला लागली तेव्हा त्यांना काही वेगळं वाटलंच नाही. आईने विचारलं तर म्हणाले, "रंगातलो माणूस लाल मुततलोच."

आता माझं सांगते. एम.एस्सी.ला मला सेंद्रिय रसायन होतं. बेन्झिडीन हा पदार्थ अभ्यासात होता. त्यापासून कापसाचे रंग बनतात, आणि तो माणसाच्या मूत्राशयात कॅन्सर करतो, दोन्ही गोष्टी एकाच पानावर होत्या. मी ते पान पाठ केलं. मोठ्याने म्हणून पाठ केलं, कारण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तशीच सवय लागली होती. चार फुटांवर आबा भिंतीला टेकून चहा पीत होते. निळ्या नखांनी कप धरून. मी ते पान परीक्षेत उतरवलं, मला चांगले मार्क मिळाले, आणि एकदाही, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की हे आपल्या घराबद्दल लिहिलंय. पुस्तकातलं रसायन आमच्या चाळीत राहत असेल असं मला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मी कुणाला विचारलं नाही.

गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरना तरी ठाऊक असणार. पुढे गोपाळकाकांनीच मला सांगितलं, संपाच्या आधी रंगखात्यातल्या एकाला रक्त जायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "दारू कमी करा." तो माणूस माळकरी होता.

जर्मनीत मी एका लहानशा विद्यापीठाच्या गावात पोचले. स्वच्छ लॅब, दारावर माझं नाव, ड्रॉवरभर हातमोजे. पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती द्यायला एक बाई आल्या. माझ्या आईच्या वयाच्या असतील. कुठल्या बाटलीला कसं हाताळायचं हे त्यांनी दोन तास सांगितलं. बेन्झिडीनची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, हे आमच्याकडे कुलपात असतं, तुम्हाला कधी लागणारही नाही. मी वहीत लिहून घेतलं. त्या संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना ते पान आणि आबांची नखं पहिल्यांदा एकत्र समोर आली. मी घरी पत्र लिहिलं, आबांना डॉक्टरला दाखवा. भाऊ सुनीलचं उत्तर आलं, आबा ऐकत नाहीत. मी पुन्हा लिहिलं. शेवटी चाळीखालच्या दुकानातल्या फोनवर सुनील रडला तेव्हा आजार मूत्राशयाबाहेर पसरला होता. मी पोचले ती आबांच्या तेराव्याला.

तेव्हापासून मी एकच काम करतेय. माझ्या घरातल्या कुणाला ते नीट सांगितलं नाही, म्हणून आता सांगते. सोनं फार बारीक केलं, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढं, की ते पिवळं राहत नाही, लाल दिसतं. त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाश पडला की एकदम हेलकावतात, आणि ठरावीक रंगाचा प्रकाश गिळतात. या हेलकाव्याला आम्ही प्लाझ्मॉन म्हणतो. काचेच्या पट्टीवर असे सोन्याचे ठिपके ओळीने बसवायचे. ठिपक्यांवर अशी अँटीबॉडी चिकटवायची जी हव्या त्याच रेणूला धरून ठेवते. तो रेणू येऊन बसला की गिळल्या जाणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो. डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतं. मूत्राशयात गाठ धरायला लागली की एक प्रथिन लघवीत जास्त उतरतं. आमची पट्टी ते प्रथिन पकडते, रक्त दिसायला लागण्याच्या आधी. पट्टी सांगते ते शेवटचं नाही, पुढे दुर्बिणीने आत बघावंच लागतं. पण कुणाला आधी बघायचं, ते कळतं. रंगात काम केलेल्या माणसाला हा आजार वीस-तीस वर्षांनीही होतो. म्हणजे तुमच्यातल्या कितीतरी जणांना अजून होऊ शकतो.

पट्टी तयार झाली तशी मुंबईतल्या एका कंपनीने मला बोलावलं. ऑफिस परळला. मी पत्ता वाचला आणि सुनीलला फोन केला. तो म्हणाला, "तीच जागा गं. आबांचीच गिरणी."

चोविसावा मजला. काचेतून खाली आमच्या चाळीची कौलं दिसत होती, अजून पाडायची राहिलेली. समोर तिशीतला एक मुलगा बसला होता, हुशार, नम्र, मराठीच. त्याने स्लाइड दाखवल्या. पट्टी एक्झिक्युटिव्ह हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये घालायची होती. मी म्हटलं, आधी रंगखात्यातल्या जुन्या कामगारांची तपासणी करू, ते इथेच आसपास राहतात. तो हसला. "मॅडम, रिस्पेक्ट आहे. पण तो आपला सेगमेंट नाही ना. आणि ते लोक आता आहेत कुठे?"

"तुम्ही बसलाय तिथे खाली पिंपं होती," मी म्हटलं. "माझे वडील तिथे हाताने रंग ढवळत होते."

"ओह. ग्रेट स्टोरी. आपण ती लाँचला वापरू शकतो."

मी पट्ट्यांचा डबा उचलला आणि उठले. तो लिफ्टपर्यंत मागे आला, आपलं काय चुकलं ते त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. तरी मी ओरडले. रिसेप्शनवरच्या मुली बघत राहिल्या.

पुढच्या वर्षी रीतसर परवानग्या काढल्या आणि एका सरकारी हॉस्पिटलातली तरुण डॉक्टर सोबत घेतली. ती प्रभादेवीची, तिचा आजाही गिरणीतलाच. सुनीलने मंडळाचा हॉल मिळवला. तीन दिवस आम्ही टेबल टाकून बसलो. म्हातारे येत होते, काही मुलांच्या खांद्याला धरून. लाजत बाटली भरून आणत होते. गोपाळकाका दुसऱ्या दिवशी आले. ऐंशीला टेकलेले, पाठ ताठ. त्यांना काहीच त्रास नव्हता, मला बघायला आले होते. मीच आग्रहाने बाटली दिली.

त्यांच्या पट्टीचा रंग यंत्रावर सरकला. मी पुन्हा केली. पुन्हा सरकला. मी त्यांना बाजूला बसवून सांगितलं, दुर्बिणीने तपासावं लागेल.

गोपाळकाका उभे राहिले. सगळा हॉल ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "आता सांगतंस? तुझ्या बापाशीक कोणी सांगूक नाय. आमच्या खात्यातलो मधू गेलो, शिवराम गेलो, तेंका कोणी सांगूक नाय. आता सोन्याची पट्टी घेवन इलंस! इतकी वर्षां खंय होतंस?"

सुनील मध्ये पडायला लागला. मी त्याला थांबवलं. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. सगळे माझं कौतुकच करत आले होते. "मी शिकत होते, काका," मी म्हटलं. "उशीर झाला."

"झालो तर झालो," ते म्हणाले, आणि धप्पकन खुर्चीत बसले. "खंय येवचा हा, सांग."

गाठ वाटाण्याएवढी निघाली. आतूनच खरवडून काढली. डॉक्टर म्हणाली, आणखी वर्षभर गेलं असतं तर कठीण होतं. आता दर तीन महिन्यांनी तपासायचं.

लोक विचारतात राग गेला का. नाही गेला. हातमोजे परत घेणाऱ्यांवर आहे, माळकऱ्याला दारू सोड म्हणणाऱ्यावर आहे, एवढा मोठा आवाज असून गॅलरीत एकमेकांची चेष्टा करत बसलेल्या आबांवर आणि काकांवरही आहे. सगळ्यात जास्त त्या पान पाठ करणाऱ्या पोरीवर आहे. जर्मनीत माझं स्वतःचं घर आहे, बाग आहे, नवरा तिथलाच आहे. तिथे मी कुणावर रागावत नाही. तिथे मला रागावण्यासारखं काही नाहीच. लालबागला उतरले की पहिल्या तासात माझा आवाज चढतो. माझं घर कोणतं, ते मला आता त्यावरूनच कळतं.

परतायच्या आदल्या दिवशी गोपाळकाकांना भेटायला गेले. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, अंगात बनियन, मांडीवर हॉस्पिटलची फाइल. म्हणाले, "वही काढ, चेडवा. रंगखात्यातले सगळे सांगतंय. लिवून घे. एकेकाक शोधूचे आसत."

मी लिहायला लागले. त्यांनी डोळे मिटले आणि पिंपांच्या ओळीने एकेक नाव घेत गेले. पहिल्या पिंपावर कोण, दुसऱ्यावर कोण. बाळा, नालासोपारा. विठ्ठल, कणकवलीक गेलो. दाजी, मुलाकडे असता, डोंबिवलेक. कुणी गेलेला असला तर "गेलो" म्हणून पुढे जायचे. मग स्वतःचं पिंप आलं.

"मी," काका म्हणाले. "माझ्या बाजूक सखाराम. हयच असता, दुसऱ्या माळ्यार."

डोळे मिटलेलेच होते. पुढचं नाव आठवत होते. मी आबांचं नाव लिहिलं, सखाराम, दुसरा मजला.