निळ्या पेनाचं वर्तुळ

दुर्बीणबाई हे नाव त्यांना साइटवरच्या पंपवाल्याने दिलं. कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दुर्बीण लांबचं बघते रे. मी जवळचं बघते. भिंग तरी म्हण." पण भिंगबाई कुणाच्या तोंडात बसलं नाही.

वय चोपन्न. काम एकच. गॅसची नवी विहीर खोदून झाली, की तिचा गॅस गॅदरिंग स्टेशनपर्यंत, म्हणजे सगळ्या विहिरींचा गॅस जिथे एकत्र येतो तिथपर्यंत, नेणारी पाइपलाइन तपासायची आणि शेवटच्या कागदावर सही करायची. त्या सहीशिवाय विहिरीचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, मग सांगणारा कितीही मोठा साहेब असो.

अठ्ठावीस वर्षं कशावरही विश्वास न ठेवण्याचा पगार घेतल्यावर ती सवय घरीही येणारच. नुकतंच तापवलेलं दूध त्या हुंगून बघत. लेकीने शेगडी बंद केली, की मागून जाऊन बटण चाचपत. कुलूप तीनदा ओढून बघत. नवरा हयात होता तेव्हा म्हणायचा, "आमचं लग्न झालंय का, हेसुद्धा ही महिन्यातून एकदा तपासते." पण हे खूळ उगाच आलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक जुना सहकारी म्हणाला, व्हॉल्व्ह बंद आहे. व्हॉल्व्हवर तशी पाटीही होती. व्हॉल्व्ह बंद नव्हता. तेव्हापासून बाईंचा डावा कान फक्त कानातलं अडकवण्यापुरता उरला.

जावई त्याच कंपनीत इंजिनिअर. घर कामाच्या जागेपासून जवळ, म्हणून दोघं नवराबायको बाईंकडेच राहत. घरी तो त्यांना आई म्हणे, साइटवर मॅडम. त्याची नोकरी अजून कच्ची होती. ही विहीर त्याने पहिल्यांदाच एकट्याने अंगावर घेतली होती, आणि पाइपलाइनची चाचणी निर्विघ्न पार पडली तर महिनाअखेर तो कायम होणार होता. लेकीला सातवा महिना. सगळ्यांचे डोळे त्या महिनाअखेरीकडे लागले होते.

आठवडाभर घरात काहीतरी शिजत होतं. बाई स्वयंपाकघरात आल्या, की दोघांची कुजबुज थांबायची. लेक एकदम भांडी आवरायला लागायची, जावई फोन खिशात टाकायचा. बाईंनी विचारलं नाही. विचारलं की माणसं उत्तर तयार करतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग तो चार्ट समोर आला.

चाचणी तशी साधी. पाइपात पाणी भरायचं, पुढे गॅसचा जितका दाब येणार त्याच्या दीडपट दाब द्यायचा आणि चोवीस तास बघत बसायचं. बघायला एक यंत्र असतं. त्यात गोल कागद घड्याळासारखा फिरतो आणि त्यावर दोन पेनं टेकलेली असतात. लाल पेन पाइपाचं तापमान लिहितं, निळं पेन प्रेशर. दाब टिकला तर पाइप धड.

"घ्या मॅडम, करा सही," स्टेशनच्या साहेबांनी फाइल सरकवली. "उद्या दहाला विहीर उघडायची. वरून माणसं येणार आहेत."

बाईंनी चार्ट पसरला. लाल रेघ दुपारी चढलेली, संध्याकाळी उतरलेली. निळी रेघ मात्र चोवीस तास जागची हललेली नाही. कंपासने काढावं तसं वर्तुळ.

"काय सुंदर आलाय!" साहेब म्हणाले. "जावई कुणाचा!"

"सुंदर आहे खरा," बाई म्हणाल्या. अडीच किलोमीटर पाइप उघड्या उन्हात पडलेला. आतलं पाणी तापलं की फुगणार, दाब चढणार. लाल चढलं तर निळ्याने थोडं तरी चढायलाच हवं. अंगात ताप आहे आणि नाडी हलत नाही, असा रोगी त्यांनी आजवर पाहिला नव्हता. महिनाअखेर, कुजबुज, खिशात जाणारा फोन, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. चार्ट बनावट होता. आणि बनवणारा घरातलाच होता.

"सही दुपारी करते."

"आता काय अडलं?"

"चष्मा."

"डोळ्यावर आहे की!"

"हा लांबचा," बाई म्हणाल्या आणि चार्ट घेऊन उठल्या.

यंत्र होतं स्टेशनच्या टोकाला, एसी लावलेल्या छोट्या केबिनमध्ये. सही होईपर्यंत पाइपातलं पाणी सोडायचं नसतं, त्यामुळे यंत्र अजून चालूच होतं, नवा कागद लावून. जावई पुसायला काही नसताना काच पुसत होता.

"चार्ट बघितलात?" त्याने उत्साहाने विचारलं. "इतका सरळ चार्ट इथे कुणी काढला नसेल, मॅडम."

"काढला?" बाईंनी तेवढाच शब्द उचलला.

"म्हणजे, आला."

चोर स्वतःच्या चोरीची अशी फुशारकी मारेल का? मुरलेला असेल तर मारेलही, बाईंनी मनात म्हटलं. पाइपातून यंत्राकडे बोटभर जाडीची नळी येत होती, तिच्यावर एक चिमुकला व्हॉल्व्ह होता. पंप शेवटचे झटके मारतो तेव्हा पेन उड्या मारतं, कागद फाटतो. म्हणून तेवढ्यापुरता तो व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पंप थांबला की उघडायचा. कुठल्याच पुस्तकात हे लिहिलेलं नाही, पण सगळे करतात. बाईंनी व्हॉल्व्हच्या मुठीला हात घातला. मूठ उघडण्याच्या दिशेने फिरली. आणखी फिरली. निळं पेन थरथरलं आणि दीडशेच्या रेघेवरून घसरत पार शंभराखाली गेलं. इतका वेळ ते बंद नळीत कोंडलेला दाबच लिहीत होतं.

बाई पेनाकडे बघत नव्हत्या. त्या जावयाच्या तोंडाकडे बघत होत्या.

त्याला आधी काही कळलंच नाही. त्याने काचेवर टिचकी मारली. मग नजर व्हॉल्व्हवर गेली आणि तो हत्यारांच्या पेटीवर मटकन बसला. "मीच बंद केला होता. आणि नंतर... उघडला असणार मी."

"असणार?"

"नाही उघडला."

"चोवीस तास पेन हललं नाही, तेव्हा शंका आली नाही?"

"मला वाटलं, माझं काम इतकं चांगलं झालंय."

हे इतकं बावळट होतं, की ते खरंच असणार. तरी बाईंना राहवलं नाही. "आणि घरी कसली कुजबुज चालते?"

"तुम्हाला कसं..." तो खाली बघत म्हणाला. "आम्ही वेगळं घर बघतोय. तुम्ही तीनदा कुलूप ओढता ना, त्या आवाजाने बाळ झोपणार नाही, असं ही म्हणते."

"चला, पाइप बघू," बाई म्हणाल्या.

तिघं निघाले, पंपवाला पुढे. पाइप रस्त्याखालून जातो तिथे खड्ड्यात एक जोड होता. त्याच्याभोवतीची माती ओली होती. पंपवाल्याने खाली उतरून बोल्टला हात लावला आणि वर बघितलं. "बाई, हे तर नुसते हाताने आवळलेत."

खड्ड्याला लागूनच विहिरीवरच्या माणसांची शेड होती. आत शेगडीवर चहा उकळत होता. उद्या दहाला पाण्याऐवजी गॅस आला असता, खड्ड्यातून वर येऊन शेडमध्ये भरला असता आणि मग शेगडीला भिडला असता. बाईंनी आत जाऊन शेगडी विझवली. "अहो, चहा!" आतला एकजण ओरडला.

"कच्चाच प्या."

परत येऊन बाईंनी पुन्हा चाचणी घेण्याचा फॉर्म काढला. त्यात कारणाचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. जावई समोर उभा. केबिनमध्ये दुसरं कुणी नाही. खरं कारण लिहिलं तर त्याची कायम व्हायची गोष्ट गेली, कदाचित नोकरीही. बाईंनी पेन टेकवलं आणि लिहायला घेतलं, 'पंपात बिघाड'.

जावयाने कागदावर हात ठेवला.

"हे नको, आई."

"घरात बाळ येतंय."

"माहीत आहे. पण हे लिहिलंत तर माझ्या कुठल्याही चार्टवर तुम्ही पुन्हा विश्वास ठेवणार नाही. आणि ते बरोबरच असेल."

"तसाही मी कुणावर ठेवत नाही."

"म्हणून तर. निदान कारण तरी नको द्यायला."

बाईंनी तो फॉर्म फाडला आणि कोरा पुढे केला. त्याने स्वतः लिहिलं: नोंदयंत्राचा व्हॉल्व्ह माझ्याकडून बंद राहिला, चार्ट ग्राह्य नाही. खाली नाव, सही. साहेबांनी वाचून कपाळावर हात मारला, वरच्या माणसांना फोन केला आणि संध्याकाळी जावयाला बोलावून सांगितलं, कायम व्हायचं वर्षभर विसरा. लेक त्या दिवशी आईशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डबा भरताना मात्र म्हणाली, "त्यांनी स्वतः लिहिलं, असं ते म्हणतात. खरं का?"

"अक्षर बघून घे ना," बाई म्हणाल्या.

जोड नव्याने बसवला. सगळे बोल्ट बाईंच्या देखत मोजून आवळले. दाब दिला. पंप थांबल्यावर व्हॉल्व्ह उघडताना जावयाने पंपवाल्याला साक्षीला बोलावलं. मग बाई आणि जावई यंत्रासमोर खुर्च्या टाकून बसले. दहा वाजता लाल पेन चढू लागलं. मागोमाग निळंही.

बाराच्या सुमारास जावई पुढे वाकला. "मॅडम, जरा जास्तच चढतंय असं नाही वाटत?"

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग कॅल्क्युलेटर त्याच्या हातात दिला. "मांडा."

त्याने एका अंशाला किती दाब चढायला हवा ते मांडलं. बाईंनी वेगळ्या कागदावर तेच मांडलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. आकडे जुळले, आणि निळं पेनही तेवढंच चढलं होतं. तरी दोघांनी एकेकदा दुसऱ्याचा कागद तपासला.

दुसऱ्या दिवशी चोवीस तास भरले तेव्हा निळी रेघ वेडीवाकडी होऊन निघाली तिथेच परत येऊन टेकली होती. बाईंनी सही केली आणि विहिरीचा व्हॉल्व्ह उघडायची परवानगी जावयाच्या हातात दिली.