मोठ्या मुलांच्या आया

पुणतांब्यात चांगुणाबाईंना नावानं हाक मारणारी माणसं आता थोडीच. सगळ्यांच्या तोंडी 'मोनिकाची आई'. मोनिका चोवीस वर्षांची आहे, आईपेक्षा वीतभर उंच, अंगानं भरलेली. ती बोलत नाही. एकच सूर धरून गुणगुणत पेरूच्या बागेत या बांधापासून त्या बांधापर्यंत चालत राहते. नवीन माणूस दिसला की दोन्ही कानांवर हात ठेवते. आणि जेवते ती फक्त आईच्या हातानं. दुसऱ्या कुणाचा घास तोंडाजवळ आला की ओठ घट्ट मिटून घेते.

ती लहान होती तेव्हा चांगुणाबाईंनी आणि त्यांचे यजमान आप्पासाहेब यांनी सुचेल ते सगळं केलं. देवदेव झालं, अंगारेधुपारे झाले, नगरचे डॉक्टर झाले. सर्टिफिकेटवर 'मतिमंद' असं लिहून आलं, तेच कितीतरी वर्षं खरं धरून चालले. मोनिका वयात आल्यावर नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बराच वेळ नुसतं बघितलं आणि 'ऑटिझम' हा शब्द सांगितला. मराठीत स्वमग्नता. "लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं," एवढंच त्या म्हणाल्या. तेवढं वाक्य चांगुणाबाईंच्या मनात जे बसलं ते बसलंच.

लोकांचे सल्ले थांबले नाहीत. लग्न लावून द्या, आपोआप सुधरेल. पिशवी काढून टाका, दर महिन्याची कटकट जाईल. चांगुणाबाई ऐकून घ्यायच्या आणि मोनिकाचे केस विंचरायला घ्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी आप्पासाहेबांच्या छातीत कळ आली. त्यांना नाशिकला हलवलं. चांगुणाबाईंना बरोबर जाणं भाग होतं, म्हणून मोनिकाला शेजारच्याच घरात, जाऊबाई आक्काबाईंकडे ठेवलं. आठवड्यानं परत येऊन बघतात तर मोनिका धान्याच्या खोलीत, आणि दाराला बाहेरून कडी. केसांच्या जटा झालेल्या, गाल बसलेले. आक्काबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या.

"रेल्वे लाइनीकडं पळत हुती गं सारखी. म्या एकटी बाईमानूस, किती धावू हिच्या मागं? आन् खाईना बी. नुसत्या दुधा-बिस्कुटावर हाय."

चांगुणाबाई लेकीचा हात धरून घरी आल्या. त्यानंतर त्यांनी जावेच्या घराची पायरी चढली नाही.

आप्पासाहेब अंगणात खाटेवर पडून होते. म्हणाले, "म्या वाचलो ह्या टायमाला. पन आपल्या माघारी हिचं कसं?"

चांगुणाबाईंकडे मोबाईल होता. शाळा सातवीपर्यंतची, त्यामुळे लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं. मोबाईलपुढे तोंड नेऊन त्या म्हणाल्या, "ऑटिझम. मोठी मुलगी. आई."

कुठंतरी आपल्यासारख्या बाया असतील आणि त्या एकमेकींशी बोलत असतील, एवढंच त्यांना वाटत होतं. पण सापडेना. इंग्रजीतले ग्रुप पुष्कळ होते, त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. एक मराठी ग्रुप मिळाला, सभासद हजारोंनी. पण शेवटचा निरोप किती जुना! कुणा बाईनं विचारलं होतं, 'कुणी आहे का इथे?' आणि खाली काहीच नाही. चांगुणाबाईंनी तिला 'मी आहे' असं लिहून पाठवलं. तिचंही उत्तर आलं नाही. आणखी एका ठिकाणी एक माणूस औषधाचे थेंब विकत होता, तीन महिन्यांत मूल बोलेल म्हणून. चांगुणाबाई त्याला फोन लावायला निघाल्या होत्या. आप्पासाहेबांनी मोबाईल हातातून काढून घेतला.

"किती डाव फसायचं गं?"

मग एके दुपारी एक जिवंत ग्रुप सापडला. 'आमची स्वमग्न लेकरं.' त्याच दिवशीचे निरोप होते, त्याच तासाचे. ग्रुप चालवणारी मनवा नावाची पुण्याची मुलगी, तिचा मुलगा चार वर्षांचा. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं गेलं त्या दिवशी चांगुणाबाईंनी घरात शिरा केला.

सकाळपासून तिथं बोलणं चालायचं. कुणाच्या लेकरानं आज 'पाणी' म्हटलं, की शंभर बायका टाळ्या पाठवायच्या. कुणी थेरपीवाल्या बाईंचं सांगायचं, कुणी सासूचं. चांगुणाबाई पेरू तोडता तोडता त्यांचे आवाज ऐकायच्या. आपण वीस वर्षं गिळलेलं या पोरी मोठ्यानं बोलतायत, याचंच त्यांना नवल वाटायचं. कुणी रडत बोललं की इकडे त्यांचेही डोळे भरून यायचे. ऐकण्यात कितीतरी दिवस गेले. बोलायचा धीर होत नव्हता.

शेवटी एकदा त्यांनी मोनिकाचा व्हिडिओ काढला. मोनिका क्रेटमध्ये कागद अंथरते आणि पेरू असे लावते की एकालाही दुसऱ्याचा धक्का लागत नाही. हे तिला शिकवायला चांगुणाबाईंना दोन हंगाम लागले होते. व्हिडिओखाली त्यांनी आवाजात सांगितलं, "ही माझी मोनिका. बावीस वर्साची हाय. बोलत न्हाई, पन काम करती. तुमची लेकरं बी करतील."

एवढा वेळ वाहता असलेला ग्रुप एकदम गप्प झाला. बघितल्याच्या निळ्या खुणा वाढत गेल्या, उत्तर येईना. बऱ्याच वेळानं कुणीतरी नमस्काराचे हात पाठवले. मग एकीनं विचारलं, "लहानपणी थेरपी दिली नव्हती का?"

"न्हाई ताई. तवा म्हाईतच नव्हतं."

"अच्छा, म्हणून," असं तिचं उत्तर आलं, आणि पाठोपाठ दोघीतिघींनी तेच लिहिलं. जणू सगळ्यांचा अडकलेला श्वास मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी मनवाचा फोन आला.

"काकू, रागावणार नाही ना? कालपासून मला काही आयांचे फोन येतायत. रडतायत बिचाऱ्या. आमची मुलं अजून लहान आहेत हो. आम्हाला वाटतं, बोलतील, शाळेत जातील. आणि मग मोनिकाला बघितलं की..." ती थांबली. "खोटं कशाला बोलू, मीसुद्धा काल माझ्या मुलाकडे धड बघू शकले नाही. व्हिडिओ काढून टाकाल का?"

"काढून टाकते की बाई. त्यात काय," चांगुणाबाई म्हणाल्या. आणि जरा थांबून, "मला वाटलं, तुमाला बरं वाटंल. पोरगी काम करती म्हनून टाकला हुता."

पलीकडे मनवा रडायला लागली. चांगुणाबाईंनीच तिची समजूत घातली. मग व्हिडिओ काढून टाकला आणि स्वतःही ग्रुपमधून बाहेर पडल्या. मनवाचा राग त्यांना आला नाही. पण ज्या लेकीसाठी देवळात, दवाखान्यात, लग्नकार्यात माना खाली घातल्या, तिला बघून तिच्यासारख्याच लेकरांच्या आयाही घाबरतात, हे त्यांना सोसेना. कित्येक दिवस मोबाईल फडताळात पडून राहिला.

तो पुन्हा वाजला तो श्रीरामपूरहून. बोलणारी बाई शुद्ध, सावकाश बोलत होती.

"चांगुणाताई, मी लीना. मी पण त्या ग्रुपमध्ये होते. वर्षभर होते, पण एक अक्षर कधी लिहिलं नाही. माझा अनिमेष बत्तीस वर्षांचा आहे. तुम्ही जे केलंत ते करायचं माझं धाडस झालं नाही."

लीनाताई शाळेत क्लार्क होत्या, निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले. पुणतांब्याहून श्रीरामपूर ते काय, एसटीनं सहज जाण्यासारखं; आणि इतकी वर्षं दोघी एकमेकींपासून इतक्या जवळ राहून एकट्या होत्या. चांगुणाबाई मोनिकाला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. अनिमेष खिडकीशी बसून डब्याचं झाकण फिरवत होता. मोनिका भिंतीच्या कडेनं गुणगुणत चालत राहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. आणि दोघींनी चहा घेतला. कुणी कुणाची माफी मागितली नाही, कुणी सारखं उठून लेकराला आवरलं नाही. जाताना लीनाताई म्हणाल्या, "असा निवांत चहा मी कधी प्यायले होते, आठवत नाही."

त्यांनीच नवा ग्रुप काढला. नाव ठेवलं 'मोठी मुलं'. शोधून शोधून माणसं आली. बीडच्या एक बाई, चंद्रपूरच्या एक शिक्षिका, मालेगावचा एक बाप, आणखी दोघीतिघी. तिथं जे बोललं जायचं ते दुसरीकडे कुठं बोलता आलं नसतं. मोठ्या झालेल्या मुलाची दाढी कशी करायची. लेक चारचौघांत कपडे सोडायला लागली तर काय करायचं. अंगावर धावून आला तर आपण कुठं उभं राहायचं. चांगुणाबाईंनी पिशवी काढण्याचं विचारलं तेव्हा चंद्रपूरच्या बाई म्हणाल्या, "माझ्या मुलीची काढली. आता वाटतं, तिला कुणी विचारलंच नाही." त्यानंतर चांगुणाबाईंनी त्या सल्ल्याला कायमचा नकार दिला. एकाच प्रश्नावर सगळे अडायचे. आपल्या माघारी कोण? तो निघाला की बोलणं संपायचं.

दिवाळीनंतर लीनाताईंना कावीळ झाली असं वाटलं. कावीळ नव्हती. पोटात गाठ होती आणि ती पसरलेली होती. उन्हाळा लागेपर्यंत त्या अंथरुणाला खिळल्या. चांगुणाबाई भेटायला गेल्या तेव्हा त्या उशीला टेकून अनिमेषला दहीभात भरवत होत्या. शितं चादरीवर सांडत होती, आणि तो आ वासून वाट बघत होता.

"माझ्याच हातचं लागतं त्याला," लीनाताई म्हणाल्या. "मला त्याचं कौतुक वाटायचं हो. चांगुणाताई, ऐका माझं. मोनिकाला दुसऱ्याच्या हातचं खायला लावा. आत्ताच लावा."

महिन्याभरात त्या गेल्या. दहाव्याला चांगुणाबाई आणि आप्पासाहेब गेले तेव्हा अनिमेष खिडकीशीच होता. त्याचे मामा, नृसिंहराव, स्वतः सत्तरीचे. ते म्हणाले, "लीनानंच चौकशी करून ठेवली होती. पुण्याजवळ एक संस्था आहे. माझ्यानं नाही हो सांभाळणं होणार." चांगुणाबाईंनी आप्पासाहेबांकडे बघितलं. आप्पासाहेबांनी मान हलवली. "आपल्याच्यानं बी न्हाई व्हायचं," ते हळूच म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पुढं दोघं त्याला भेटायला संस्थेत गेले. जागा स्वच्छ होती, माणसं वाईट नव्हती. पण अनिमेष निम्मा झाला होता. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. तिथली बाई म्हणाली, "चमचा बघितला की तोंड फिरवतो. थोडं दूध जातं पोटात. काहीजण सुरुवातीला असंच करतात." चांगुणाबाईंनी दहीभात कालवला, लीनाताई कालवायच्या तसा मऊ, आणि घास त्याच्यापुढे धरला. त्यानं आधी त्यांच्या हाताकडे बघितलं, मग दाराकडे. तोंड उघडलं नाही. परतीच्या एसटीत आप्पासाहेब खिडकीबाहेर बघत बसले.

ग्रुपवर चांगुणाबाईंनी काही लपवलं नाही. तो खात नाही, हे सांगितलं. दाराकडे बघत राहतो, हेही सांगितलं. बीडच्या बाई म्हणाल्या, "मग आपल्याला जे करायचंय ते आजपासून करायचं."

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई मोनिकाला घेऊन जावेच्या दारात गेल्या. आक्काबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, सूप हातात तसंच राहिलं.

"आक्का, हिला तुमच्या हातानं खायला शिकवायचंय. मला मदत करा."

आक्काबाई रडू लागल्या. "माज्यावर इस्वास हाय का तुजा अजून?"

"तुमी कडी लावली म्हनून ती जित्ती राहिली. मला ते उमजायला लई दिस लागले."

रोज दुपारी मोनिका तिथं जायची; दुपारचं घरी भरवायचं नाही असं ठरलं. सुरुवातीला आईनं शेजारी बसायचं, मग दारात, मग ओट्यावर. मोनिका ओठ मिटायची, ताट उलटवायची. एकदा आक्काबाईंच्या मनगटाला चावली. आक्काबाईंनी हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भात कालवला. पावसाळा सरला, बागेत पेरू धरले, तरी तेच चाललं होतं. मोनिकाचे गाल पुन्हा बसले. आप्पासाहेब एकदा ओरडले, "पोरीला उपाशी मारती का?" चांगुणाबाईंनी त्या दिवशी तिला घरी भरवलं, आणि सकाळी पुन्हा जावेकडे नेलं.

मग एका दुपारी ओट्यावर बसलेल्या चांगुणाबाईंना आतून आक्काबाईंचा आवाज ऐकू आला. "आनखी? घे माजी बाय, घे." त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं. मोनिका खात होती. घासामागून घास, गुणगुणत, डोळे समोरच्या भिंतीवर. तिनं दाराकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

चांगुणाबाई उठल्या आणि बागेत गेल्या. तिथं एका झाडाला टेकून त्या बराच वेळ बसल्या. मग मोबाईल काढून ग्रुपवर सांगितलं, "आज खाल्लं तिनं. जावेच्या हातानं. पोटभर."

चंद्रपूरच्या बाईंनी देवाचे आभार मानले. मालेगावच्या भाऊंनी विचारलं, किती महिने लागले. बीडच्या बाईंचा आवाज सगळ्यांत शेवटी आला.

"ताई, रडलात का?"

"व्हय," चांगुणाबाई म्हणाल्या. घरात आप्पासाहेब जेवायचे थांबले असतील, म्हणून त्या उठल्या आणि पदर झटकून घराकडे निघाल्या.