मी म्हटलं, घामोळं आहे

हे मी अजून कुणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, मुलीपुढे नाही. शेगावला दर्शनाच्या रांगेत किती वेळा उभी राहिले — तिथे मनातल्या मनातसुद्धा नाही. तुमच्यापुढे काढतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांना मी फार चांगली बाई वाटते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी इन्चार्ज सिस्टर होते. गावाचं नाव घेत नाही. नर्सपोरींच्या ड्युट्या लावणं, कपाटांच्या किल्ल्या, वह्या-रजिस्टरं, सगळं माझ्याकडे. माझ्या तोंडाला पोरी घाबरायच्या, आणि खरं सांगू? मला ते आवडायचं. चादरीला सुरकुती दिसली की मी काही न बोलता नुसती उभी राहायची, पोरगी धावत यायची. कडक आहे पण सरळ आहे, असं माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात तीन जणांनी भाषणात सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

वैशाली त्या पोरींमधली. माहेर बीबी गावचं, लग्न होऊन आमच्या गावात आलेली, कंत्राटी नर्स. हात असा हलका की सुई टोचून झाली तरी लेकरू रडायचं विसरायचं. मला ती आवडायची — हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माझा तिच्यावर काही राग होता. राग असता तर निदान समजण्यासारखं तरी झालं असतं.

एकदा दुपारी आम्ही दोघी ड्रेसिंगसाठी गॉज कापत बसलो होतो. तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सिस्टर, मले दुसरी कोनतीबी ड्युटी द्या, पन मागची खोली नोका देऊ. दोन महिने झाले मले. घरी सासूलेबी नाही सांगतलं अजून."

आमच्याकडे तीन महिने भरेपर्यंत पोटातली गोष्ट बाहेर काढत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. नवऱ्याला आणि मला, दोघांनाच तिनं सांगितलं होतं. तिनं माझा हात धरला होता. मी म्हटलं, नाही सांगत कुणाला. आणि तो शब्द मी पाळला. इतका पाळला की —

थांबा. क्रमानं सांगते.

मागची खोली म्हणजे अंगावर पुरळ आलेल्यांची वेगळी खोली. त्या आठवड्यात तिथे सुलतानपूरकडचं एक पाच वर्षांचं लेकरू होतं. ताप, अंगभर बारीक लाल पुरळ. देवी आली म्हणून आईनं उशाला कडुलिंबाचा पाला ठेवलेला. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं. गोवर नाही तर रुबेला, असा त्यांचा अंदाज होता. रुबेला लेकराला काही करत नाही. दोन-चार दिवस अंग तापतं आणि ते पुन्हा खेळायला लागतं. पण पोटुशी बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला, तर पोटातल्या बाळाचे डोळे जातात, कान जातात, हृदयात दोष राहतो. हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. नवीन पोरींना फळ्यावर लिहून हे शिकवणारी मीच.

त्या खोलीत पोटुशीला पाठवायचं नाही, आणि जिला गोवर-रुबेलाची लस झाली आहे तिलाच पाठवायचं, असा नियम होता. कुणाला लस झाली याची वहीही माझ्याकडेच. ती मी एका बैठकीत भरून टाकली होती. सगळ्यांच्या नावापुढे 'हो'. विचारलं एकीलाही नव्हतं. चहा गार व्हायच्या आत वही पूर्ण.

मग मी वैशालीला तिथे का पाठवलं?

एक पोरगी रजेवर होती, एक बाळंतपणाच्या खोलीत अडकलेली. वैशालीला काढलं तर मागची खोली मला घ्यावी लागणार होती. आणि त्याच आठवड्यात शेगावला माझ्या मुलीचा साखरपुडा होता. मला दोन दिवस आधी निघायचं होतं — साड्या, ओट्या, पाहुणे, माझ्या नजरेखाली सगळं व्हायला हवं होतं. एवढंच आहे. याच्यामागे काही मोठं कारण असेल म्हणून मी स्वतःला खूप उकरून पाहिलं आहे. निघालं नाही.

तिला मात्र मी वेगळंच ऐकवलं. "आमी काय पोटुशी असताना घरी बसलो होतो काय वं? नऊ-नऊ महिने उभ्यानं ड्युट्या केल्या. तुमाले आजकाल जरा झालं की लगेच भेव वाटते." ती खाली पाहून गॉज कापत राहिली. मग मी जरा मऊ आवाजात म्हटलं, "अन् ते लेकरू गोवराचं नाही, औषधाची रिअ‍ॅक्शन हाय. डॉक्टरच म्हनले."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.

तिनं लगेच विश्वास ठेवला. गॉजचे तुकडे नीट रचून ठेवले आणि गेली. साखरपुडा छान झाला. फोटोत मी हिरव्या पैठणीत आहे, हसतेय. तो फोटो अजून आमच्या बैठकीत लावलेला आहे.

मी परत आले तोवर लेकरू बरं होऊन घरी गेलं होतं. काही दिवसांनी रिपोर्ट आला. रुबेला. डॉक्टरांनी त्यावर सही केली आणि सहजच विचारलं, "आपल्या स्टाफमध्ये कोणी प्रेग्नंट नाही ना, सिस्टर?"

मी म्हटलं, "नाही सर."

या दोन शब्दांपाशी मी रोज येते. पहिलं खोटं मी घाईत बोलले होते असं एक वेळ म्हणता येईल. पण हे? समोर डॉक्टर, हातात रिपोर्ट, विचारलेला प्रश्न सरळ. त्याच दिवशी वैशालीचं रक्त तपासता आलं असतं. लागण दिसली असती तर पुढे काय करायचं ते तिनं, तिच्या नवऱ्यानं आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं असतं. तेवढा वेळ हातात होता. पण मग खोलीत तिला कुणी पाठवलं, काय सांगून पाठवलं, लसीच्या वहीत 'हो' कुणी लिहिलं, हे सगळं बाहेर आलं असतं. मी स्वतःला सांगितलं — तिला शब्द दिला आहे, तीन महिने भरायचेत, मी कशी सांगू? रिपोर्ट फाइलला लावला. फाइल माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला.

आठवडाही गेला नसेल, वैशाली बाही वर करून माझ्यासमोर उभी राहिली. दंडावर, मानेवर बारीक लाल पुरळ. अंग किंचित कोमट. मी तिच्या कानामागे बोट फिरवलं, तर गाठी लागल्या. बोटाला कळलंच ते.

"सिस्टर, हे त्या लेकराचंच तं नसन ना?"

मी म्हटलं, "घामोळं हाय, माय. ऊन काय कमी हाय काय? पावडर लाव." वरून माझ्याच डब्यातली पावडर काढून तिच्या मानेला लावली. माझ्या हातानं. ती हसली — थंड वाटलं म्हणून. तीन दिवसांत पुरळ गेली आणि ती मला म्हणाली, तुमचं बरोबर होतं.

पुढे तिनं घरी सांगितलं. सासू हरखली. पाचव्या महिन्यात ग्रहण आलं. सासूचं म्हणणं, त्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही, सुरी-कात्रीला हात लावायचा नाही. वैशालीनं माझ्याकडे सुट्टी मागितली आणि मी तिला अर्धा तास विज्ञान शिकवलं. चंद्र, सूर्य, सावली, सगळं कागदावर काढून दाखवलं. शिकलेल्या बाईनं असं घाबरायचं असतं का, असं सगळ्यांसमोर विचारलं. ती ड्युटीवर आली. पट्ट्या कापल्या, टाक्यांचे दोरे कापले. माझं बोलणं शंभर टक्के खरं होतं. ते बोलायला मला लाज कशी वाटली नाही?

डोहाळजेवणात पहिला घास मी भरवला. तिनंच हट्ट धरला होता.

मुलगी झाली. गार्गी. बारशाला मी पाळण्यात वाकून पाहिलं तर दोन्ही बुबुळांत पांढरं. बायका म्हणत होत्या, बाई गं, डोळे कसे घारे आहेत. मी पाळण्याची दोरी ओढली. पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. नुकत्याच जन्मलेल्या लेकराला मोतीबिंदू — सासूला ते खरंच वाटेना. ऑपरेशन झालं, थोडं दिसायला लागलं. मग कळलं की ताट पडलं तरी ती दचकत नाही. त्या डॉक्टरांनी वैशालीला विचारलं होतं, सुरुवातीच्या महिन्यांत अंगावर पुरळ आली होती का? कुणा पुरळवाल्या पेशंटजवळ काम केलं होतं का? तिनं सांगितलं, घामोळं होतं, आमच्या इन्चार्ज सिस्टरनं पाहिलं होतं. पेशंटला औषधाची रिअ‍ॅक्शन होती. डॉक्टर म्हणाले, संशय येतो, पण आता नक्की सांगता येणार नाही.

घरात मात्र नक्की होतं. सासू येईल-जाईल त्याला सांगायची, "गिऱ्हानात कैची चालवली तिनं. मी सांगून सांगून थकली." माझ्यासमोरही सांगायची. मी पाण्याचा ग्लास हातात धरून ऐकायची. एकदा सासू आत गेल्यावर वैशालीच माझी समजूत काढायला लागली, "तुमी मनाले लावून नोका घेऊ, सिस्टर. ड्युटी तुमी लावली, पन गेली तं मीच ना." ती नर्स होती. तिला शाळेत, कॉलेजात, फळ्यावर सगळं शिकवलेलं होतं. पण जिला दुसरं काहीच कारण दिलं गेलं नाही, ती हाताशी असलेलंच कारण धरणार ना?

मी निवृत्त झाले तेव्हा रिपोर्टची ती प्रत फाइलमधून काढून घरी आणली. फाडायला आणली होती. फाडली नाही. साड्यांच्या खाली ठेवली.

आता शेवटचं.

मागच्या संक्रांतीला वैशाली हळदी-कुंकवाला आली. गार्गी चार वर्षांची झाली होती, आईच्या पदराची कड चेहऱ्याजवळ नेऊन पाहत होती. वैशाली म्हणाली की ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं आहे, मूल बंद करायचं. दुसरंही असंच निघालं तर, म्हणून नवराही तयार, सासूही तयार. रक्तातच काही असेल म्हणतात. "मले भेव वाटते, सिस्टर. तुमी येसान ना संगं?"

रुबेला एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. पुढच्या बाळाला त्याचं भय नव्हतं. तिच्या रक्तात काही नव्हतं, कात्रीत काही नव्हतं. हे सगळं एका कागदावरून तिला कळलं असतं, आणि तो माझ्या कपाटात होता.

मी गेले. कागद पर्समध्ये घालून गेले — सांगायचंच, असं ठरवून. सकाळची वेळ होती. ती हिरव्या गाऊनमध्ये बाकावर बसली होती आणि माझा हात धरून होती, गॉज कापताना धरला होता तसाच. अर्धा तास आम्ही तशा बसलो. मी पर्सची चेन उघडली. तिनं विचारलं, काय पाहिजे? मी रुमाल काढला.

तिचं नाव पुकारलं. जाताना ती म्हणाली, "तुमी हाय म्हनून धीर हाय." दार लागलं.

संध्याकाळी सुट्टी मिळाल्यावर तिला मी चहा पाजला, रिक्षात बसवलं, गुडघ्यांवर शाल टाकली. घरी आले. पर्समधला कागद काढून घडीवर घडी नीट केली आणि पुन्हा साड्यांच्या खाली ठेवला.